उन्हाळ्याची आगोट

अल अमेरात
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०१४

माधवी,

'सप्रेम' लिहीत नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, मग प्रेम कसलं घालू त्यात? तुझ्या दादाच्या हाताखाली होता तो शिरोड्याचा गजेंद्र, त्याच्या ओळखीचा एक जण गावी चाललाय. त्याच्या हाती हे देते. कागद तरी तुला हातात घ्यावा लागेल. फाडायचा असला तरी घ्यावाच लागेल.

जानेवारीत फोनवर जे बोलले ते मागे घेत नाही. तुझ्या दादाच्या नावानं दर्भाचा पुतळा करायचा, तो जाळायचा आणि अंघोळ करून घरी यायचं, हे मला मान्य नाही. तुमच्या चुलत घरातले शिवरामभाऊजी विधीला बसायला तयार, भटजी चैत्रातला दिवस काढून द्यायला तयार, आता फक्त शैलानं मान डोलवायची. वा गो वा! वेंगुर्ल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं? नवरा माझा आहे.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, दादा परागंदा नाही, वाहून गेलाय. अगो, पण बघितलं कोणी? बघितली ती पिकअप. नोव्हेंबरातल्या त्या पावसात तो वादी अदाईच्या घळीतून घरी येत होता आणि वादी आली. इथं पूर आला म्हणत नाहीत, वादी आली म्हणतात, पाहुणी आल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पिकअप दगडांत उलटी सापडली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. मोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. पोलिसांनी खालपर्यंत वादीचं सगळं कोरडं पात्र पालथं घातलं, चप्पलसुद्धा मिळाली नाही. ज्यानं दार उघडलं तो बाहेर पडला असणार. मला तरी यात अवघड काही दिसत नाही.

इथली थंडी सरली. मार्च लागला की तुझ्या दादाची आगोट सुरू व्हायची, आठवतं? आपल्याकडे पावसाआधी घर शाकारायचं, झड्या बांधायच्या, लाकडं भरायची. तो म्हणायचा, इथं पाऊस कुठला येतोय, इथं उन्हाळा येतो, म्हणून आपली आगोट उन्हाळ्याची. एसीचे फिल्टर धुवायचे, धूळ येऊ नये म्हणून दारांखाली रबरी पट्ट्या मारायच्या, पश्चिमेच्या खोलीच्या खिडक्यांना फॉइल, गच्चीला चुना. गच्चीवरची पाण्याची टाकी सगळ्यात शेवटी. दिवसभर लोकांच्या बिल्डिंगांचे एसी सांभाळून यायचा, पण घरच्या एसीला दुसऱ्याचा हात चालायचा नाही. मी स्टूल धरायचं आणि 'हलवू नकोस गो' म्हणून बोलणी खायची, एवढाच माझा वाटा.

यंदा मी कशालाही हात लावणार नाही. खाली राहते ती आमची घरमालकीण फरिदा, ती म्हणाली, माणूस पाठवू का? मी नको म्हटलं. आगोट त्याची आहे. मी केली तर तो येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं होईल. त्यापेक्षा घर भट्टीसारखं तापलं तरी चालेल.

मी विधीला हो म्हणणार नाही. भाऊजींना तसं सांग.

शैला


अल अमेरात
शुक्रवार, १४ मार्च २०१४

माधवी,

की वन्सं म्हणू? कॉलेजात एका बाकावर बसून जिच्याबरोबर चिंचा खाल्ल्या तिला वन्सं म्हणायचं म्हणजे मला अजून हसू येतं. आज हसू यायला कारणही आहे. नीट बसून वाच.

तू आमच्याकडे जूनमध्ये आली होतीस, तेव्हाची अंघोळ आठवते? निळा नळ सोडलास आणि जी किंचाळलीस, ती खालून फरिदा काठी टेकत जिन्यापर्यंत आली. तेव्हा दादानं तुला समजावलं होतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळतं, म्हणून इथं गीझर बंद करतात. गीझरमधलं पाणी घरात सावलीत राहून निवतं. म्हणजे उन्हाळाभर गारसाठी लाल नळ सोडायचा आणि निळ्याच्या वाटेला जायचं नाही. तू म्हणालीस, जळ्ळं मेलं ते लक्षण, उलट्या गावची उलटी रीत.

तर काल नर्सरीतून घरी आले. घाम नुसता निथळत होता. अजून गीझर चालूच होता, कारण मी कशाला हात लावणार नाही हे तुला लिहिलंच आहे. पाय धुवायला सवयीनं निळा नळ सोडला तर चटका बसला. लाल सोडला, तर गार.

बटण बघितलं. बंद होतं. नुसतं बंद नव्हतं, वरून काळी टेप लावलेली, चुकून कोणी दाबू नये म्हणून. आणि टेपचं टोक दुमडलेलं होतं, माधवी. टेप काढायची वेळ आली की नख लावून खरवडत बसायला नको, म्हणून टोक दुमडून ठेवायची खोड कोणाची? तूच सांग. लहानपणी वह्यांना कव्हरं घालताना तुलाही तसंच करायला लावायचा ना?

मी बाथरूममध्येच खाली बसले. रडले नाही. हसत होते बहुतेक, कारण खालून फरिदानं 'क्या हुआ टीचर' म्हणून हाक मारली. दुसरी किल्ली तिच्याकडे असते, म्हणून तिलाच आधी विचारलं. म्हणाली, 'वल्ला, मेरा घुटना देखो, मैं कैसे आएगी ऊपर?' खरंच आहे, जिन्याच्या तीन पायऱ्या चढायच्या तर ती अल्लाला दहादा बोलावते.

मग कोण आलं होतं? मी तुला विचारत नाही, सांगते आहे. पुतळ्याचं विसरा आता. भटजींना दक्षिणा द्यायचीच असेल तर सत्यनारायण घाला.

तुझी शैला


अल अमेरात
शुक्रवार, २८ मार्च २०१४

माधवी,

एका ओळीचं तरी उत्तर पाठवशील असं वाटलं होतं. राहिलं. तुम्हा भावंडांना गप्प बसायचं बाळकडूच पाजलंय आईंनी.

या आठवड्यात धुळीचं वादळ झालं. दोन दिवस समोरचा डोंगर दिसत नव्हता. दारांखाली पट्ट्या नाहीत, त्यामुळे घरभर पिठासारखी धूळ. पुढच्या दोन खोल्या मी झाडून घेतल्या. पश्चिमेची खोली मात्र नोव्हेंबरपासून बंदच आहे. तो दुपारचा तिथं पडायचा. त्याची उशी, त्याचा रेडिओ, सगळं आहे तसं आहे. मी आत जात नाही. जात नाही म्हणजे, दारात उभी राहते कधी कधी, तेवढंच.

काल दुपारी घरी आले तेव्हा त्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी कडी लावते. उघडलं. फरशीभर धूळ, एकसारखी, रांगोळी घालण्याआधी सारवलेलं अंगण असतं तशी. एसीखाली स्टूल ठेवलेलं. एसीचं तोंड उघडं आणि आतले फिल्टर गायब.

आता नीट ऐक. त्या धुळीत एकही पाऊल नव्हतं. दारापासून स्टुलापर्यंत नाही, स्टुलाभोवती नाही. मी वाकून बघितलं, मग मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. स्टुलाचे पाय धुळीत रुतलेले आणि बाकी धूळ जशीच्या तशी.

फिल्टर गच्चीवर होते. कपड्यांच्या दोरीवर, चिमटे लावून, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. इथल्या उन्हात ओला टॉवेल बघता बघता वाळतो. म्हणजे मी जिना चढत होते तेव्हा कोणीतरी ते नुकतेच धुऊन टांगले होते. ठिबकलेल्या पाण्याला साबणाचा वास नव्हता. वादीत पाणी येऊन गेल्यावर दगडांना जो वास येतो, तसा होता.

लहानपणी आई सांगायची, भर दुपारी बाराच्या सुमारास पाणंदीनं एकटं जायचं नाही, मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. आपल्या कोकणातली भुतंसुद्धा जेवणाच्या वेळेला धरून फिरतात, असं आपण म्हणायचो आणि खिदळायचो. काल गच्चीवर मी मागं वळून बघितलं नाही. का ते विचारू नकोस. फिल्टर तिथंच राहू दिले. संध्याकाळी दुकानातून आले तर ते एसीत परत बसलेले होते.

गजेंद्र हापूसची पेटी घेऊन आला होता, त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'वैनी, ह्यां काय माका बरां दिसणां नाय. तुमी गावाक जावन येवा.' मी म्हटलं, मेल्या, तुझा साहेब घरी येतोय आणि तू मला गावी पाठवतोस? त्यानं चहासुद्धा घेतला नाही. पश्चिमेच्या खोलीकडे पाठ करून बसला होता तो उठून गेला.

घाबरले नाही मी. आपल्या माणसाला काय घाबरायचं?

शैला


अल अमेरात
शुक्रवार, ११ एप्रिल २०१४

माधवी,

गच्चीला चुना लागलाय. दोन हात, कठड्याच्या कोपऱ्यांपर्यंत. वर गेलं की डोळे दिपतात.

मला कळलं ते फरिदाकडून. नर्सरीतून आले तर ती अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेली. म्हणाली, 'शुक्रिया टीचर, तुमने चूना लगाया, मेरा नीचे का कमरा भी ठंडा हो गया.' मी कसला चुना लावते? मी तर मदिनत सुलतान काबूसला नर्सरीत, मुलांची नाकं पुसत होते. तसं सांगितलं. ती खुर्चीतून पुढं वाकली. म्हणाली, 'मैंने देखा ना. दोपहर को. धनंजय का टोपी पहना था.' तुझ्या दादाची ती टोपी ओळखून तिनं खालून सलाम केला होता. वरच्या माणसानं मान वळवली नाही, ब्रश चालूच ठेवला.

मग तिनं माझा हात हातात घेतला आणि नखं बघितली. जळ्ळी संशयी बाई. नखं स्वच्छ होती. खरं सांगते, मीही बघितली होती, तिच्या आधी. उजवा खांदा दुखतोय हल्ली, पण तो चाळिशी उलटल्यापासून दुखतोच आहे. एक दिवस नर्सरीतून लवकर निघाले होते, तो दिवस वेगळा. तेव्हा मी सरळ घरी येऊन झोपले होते.

फरिदानं मला बसवलं, कहवा दिला, खजूर पुढं केला. आणि मग हळूच म्हणाली, तिची जद्दा, म्हणजे आजी, सांगायची की काही माणसं मरत नाहीत, नुसती गायब होतात. 'घर आता है, काम करता है. लेकिन उससे बात नहीं करने का. और उसको थकाने का नहीं. बहुत थक जाता है वो लोग.' मग माझा हात दाबून म्हणाली, 'रोक के मत रखो, टीचर. हराम है.'

पहिलं ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. बघ, इथल्या लोकांनाही ठाऊक आहे! शेवटचं ऐकलं नाही असं केलं. रोखून मी कुठं ठेवलंय? मी दार बंद करून बसले नाही, उलट किल्ली पायपुसण्याखाली ठेवते हल्ली.

घर गार व्हायला लागलंय, माधवी. दारांखाली पट्ट्या लागल्या, धूळ येत नाही, एसी लावला की खोली पटकन निवते. रात्री नीट झोप लागते. एकच गोष्ट सलते. कामं भराभर होत चालली आहेत. आता पश्चिमेच्या खोलीच्या खिडक्या आणि टाकी, एवढंच राहिलं. आगोट संपली की पुढं काय, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. दर वर्षी संपायची, आम्ही कलिंगड कापायचो आणि तो कामावर जायचा.

तुझी,
शैला


अल अमेरात
शुक्रवार, १८ एप्रिल २०१४

माधवी,

गजेंद्र अचानक सुट्टीवर निघालाय. कशाला म्हणून विचारलं तर तिकिटाचे भाव सांगत बसला. दटावलं तेव्हा बोलला. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दिवस धरलाय. मला न विचारता. मी नसताना. 'शैला काही येत नाही, तिच्यावाचून उरकू' असं ठरवलंत. शिवरामभाऊजींचं सोड, ते परके. तू कशी तयार झालीस?

हे पत्र गजेंद्रच तुझ्या हातात देईल. उभ्यानं वाच, पण पुरतं वाच. भांडायला लिहीत नाही. पाया पडते, असं समज.

तुला एक लिहिलं नव्हतं. गच्ची झाली तेव्हा मी घाबरले. त्याला नाही, काम संपण्याला. म्हणून त्या रात्री स्वयंपाकघराच्या दाराची रबरी पट्टी मी सुरीनं उचकटून काढली. दुसऱ्या दिवशी घरी आले, पट्टी परत लागलेली. मग एसीचे फिल्टर काढून त्यांवर कणीक भुरभुरली. ते धुऊन आले. गीझरची टेप मी काढायची, ती लागायची. संपूच द्यायचं नाही, म्हणजे तो येत राहील. चुकलं का गो माझं? तुझ्या नवऱ्यानं नुसता पाण्याचा तांब्या मागितला तरी तू वैतागतेस. मला कोणी दाराची पट्टी लावून देत होतं, तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

पण परवा पट्टी तिरकी लागली. एका टोकाला बोटभर वर. तुझा दादा आणि तिरकी! पट्टी वाकडी गेली की अख्खं दार उतरवणारा माणूस तो. काल गीझरवरची टेप बघितली, तिचं टोक दुमडलेलं नव्हतं. फिल्टर धुतले होते पण एसीत बसवले नव्हते, स्टुलावर तसेच ठेवलेले, अर्धवट ओले. आणि तो वादीचा वास आता खोलीभर असतो, उदबत्ती लावली तरी जात नाही.

दमलाय तो. दिसतंय मला. आता मी काही उचकटत नाही, आईंची शपथ. राहिलेलं तेवढं होऊ दे. पश्चिमेच्या खिडक्या आणि टाकी, बास. त्याच्या हातानं पुरं होऊ दे, मग मी स्वतः वेंगुर्ल्याला येईन, तुम्ही सांगाल तिथं बसेन, सांगाल ते करीन. पुढच्या शुक्रवारी नको. मिरगापर्यंत थांबा. इतकं काकुळतीनं मागितलं नव्हतं मी तुझ्याकडे कधी.

शैला


अल अमेरात
सोमवार, ५ मे २०१४

माधवी,

इतके दिवस पेन हातात धरवलं नाही. काल तिकडे दहावा झाला असेल, म्हणून आज बसले.

त्या शुक्रवारचं सांगते. तुला सांगायलाच हवं, कारण त्या दुपारचं अर्धं तुला ठाऊक आहे आणि अर्धं मला.

जुम्म्याची वेळ होती. गल्लीतले पुरुष मशिदीत, लाउडस्पीकरवरून खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, ऐकू येत होता, बाकी चिटपाखरू नाही. मी ओट्याशी कढीला फोडणी देत होते. तर पश्चिमेच्या खोलीतून फॉइल उलगडल्याचा आवाज आला. मग टेप ओढल्याचा, चर्रर्र. मग तळव्यानं काचेवरून फॉइल दाबत न्यायचा आवाज. हे सगळे आवाज मला पाठ आहेत. मी घरात असताना तो याआधी कधी आला नव्हता.

भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू, कढी उतू गेली. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? बरं वाटलं. घरात माणूस काम करतंय आणि आपण स्वयंपाक करतोय, यात काय असतं ते तुला कळणार नाही. तुझ्या घरात रोज आहे.

बोलायचं नाही, हे फरिदानं बजावलं होतं. मला राहवलं नाही. मी ओट्याशीच उभी राहून, मागं न वळता विचारलं, "चहा टाकू?"

आवाज थांबला. मग टेप पुन्हा चर्रर्र झाली, आधीपेक्षा हळू. मी दोन कपांचं आधण ठेवलं. त्याला म्हटलं, "दमला असलास तर बस जरा. घाई नाही." पहिली खिडकी झाली हे आवाजावरून कळलं. स्टूल सरकलं. दुसऱ्या खिडकीचं फॉइल उलगडलं. मला वाटत होतं की आत जावं, निदान स्टूल धरावं. दर वर्षी मीच धरते. पण गेले आणि तिथं कोणी नसलं तर? म्हणून नाही गेले.

चहा गाळत होते. टेप ओढायला सुरुवात झाली, आणि अर्ध्यात तुटल्यासारखा आवाज बंद. पुन्हा सुरू होईल म्हणून थांबले. कप हातात धरून थांबले. खुतबा संपला, नमाज झाली, गल्लीत गाड्या सुरू झाल्या, मुलं ओरडायला लागली. खोलीतून काही नाही.

मग गेले आत. पहिल्या खिडकीला फॉइल होतं, चोख, सुरकुती नाही. दुसरीचं वरच्या बाजूनं चिकटलेलं आणि खाली लोंबतंय, टेपचं रीळ त्याला तसंच लटकलेलं, हलत होतं. उघड्या काचेतून ऊन खोलीत आडवं आलं होतं. आणि माधवी, वास नव्हता. इतके दिवस नाक भरून राहिलेला तो दगडांचा वास, एकदम गेलेला. तो वास मला नकोसा व्हायचा, पण तो नाही म्हटल्यावर मी उशी हुंगली, पडदे हुंगले, वेड्यासारखी भिंतीला नाक लावून फिरले. कुठंच नव्हता.

तेव्हा कळलं मला, तिकडे आग दिलीत. तुझा मेसेज संध्याकाळी आला, मी तो दुपारीच वाचला होता असं समज. 'शैले, झालं. तुझं पत्र वाचलं, म्हणूनच केलं.'

त्या रात्री तुला काय काय बोलले, ते लिहीत नाही. भिंतींनी ऐकलं. तुझ्या भावाचं काम तू अर्ध्यात तोडलंस, तुझे हात झडोत, इथपर्यंत बोलले. दुसऱ्या दिवशी ते शब्द गिळले. नंतर पुन्हा बोलले. मग एका दुपारी घरी आले, स्वयंपाकघराच्या दाराची ती तिरकी पट्टी समोर दिसली आणि मी दारातच बसकण मारली. मी तुला ते लिहिलं नसतं तर तू केलं नसतंस. दमलाय हे मला दिसत होतं, तरी मी मिरगापर्यंत मुदत मागत होते. तुला नुसतं वाचून कळलं आणि तू त्याला सोडवलंस. बहीण ती बहीण, बायको ती बायको, हे मला पटायला घर रिकामं व्हावं लागलं. तरी रागावले आहे मी. दोन्ही खरं आहे.

दुसरी खिडकी मी पुरी केली. वेडीवाकडी झाली, फुगे राहिले, पण ऊन येत नाही. परवाच्या शुक्रवारी टाकीसुद्धा केली. झाकण काढून आत उतरले, तळाचा गाळ खरवडला, ब्रश मारला. साधा गाळ होता, दर वर्षी असतो तसा. फरिदा खाली उभी राहून ओरडत होती, 'टीचर, मर जाएगी, बाहर आओ, यल्ला!' वर आले तेव्हा कोपर सोललेलं होतं. आगोट झाली. कलिंगड आणलं नाही.

कुंकवाचं विचारू नकोस. ते माझं मी बघेन. शाळा जूनअखेर बंद होते तेव्हा येईन, आईंच्या पाया पडेन. तुझ्याशी बोलेन की नाही, माहीत नाही. दारात आले तर पाणी दे.

एक विचारायचं आहे, तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. काल पिंड ठेवलात तेव्हा कावळा शिवला का? कुठली इच्छा राहिली असेल तर शिवत नाही म्हणतात. किती वेळ बसलात? सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं असेल, शैलाला सांभाळू, तिला अंतर देणार नाही, शिवरामभाऊजींनी मोठ्यानं म्हटलं असेल. उन्हात ताटकळलात का? की पान खाली ठेवायचा अवकाश, तो आलाच?

लगेच शिवला असेल तर मला कळवू नकोस, माधवी. खोटं लिही. खूप वेळ थांबला होता म्हण.

शैला